घाणीला काय लागायचंय

सांगली, १४ जानेवारी

दादा,

हे पत्र तू फाडून टाकशील हे धरूनच लिहितेय. पण फाडायच्या आधी एवढं वाच. राजनंदिनी वहिनी शुद्धीवर आहे आणि तिच्या कमरेच्या हाडाचं ऑपरेशन काल नीट पार पडलं. आता फाड.

नाही फाडलंस तर पुढचं सांगते. तुला युनिटच्या फोनवर 'ॲक्सिडेंट' एवढाच शब्द कळला असणार आणि आई फोनवर 'समदं ब्येस हाय' याच्या पुढे जात नाही. वहिनी तासगावला माहेरी गेली होती. स्कूटीवरून परत येताना द्राक्षाचे क्रेट भरलेला ट्रॅक्टर समोर वळला, त्याला चुकवायला गेली आणि घसरली. ती खाली, गाडी वर. डोक्याला मार नाही. महिनाभर तरी उठता येणार नाही, म्हणून लघवीसाठी नळी घालून खाली पिशवी लावली आहे. मी ज्या हॉस्पिटलात काम करते तिथेच तिला आणलं. का आणलं, कुणाला विचारून आणलं, हा जाब सवडीनं विचार. रस्त्यावरून जवळ तेच होतं.

मी जातीबाहेरच्या धवलशी लग्न केलं तेव्हापासून तू माझा नंबर बंद करून ठेवलायस. टपाल मात्र तुला बंद करता येत नाही. तुझ्या ठाण्यावर बर्फ आहे आणि हवा उघडल्याशिवाय हेलिकॉप्टर येत नाही, हेही मला आईकडूनच कळतं. सख्ख्या भावाची खबर अशी तिसऱ्याकडून घ्यायची वेळ आली, चालायचंच.

आई वॉर्डातच मुक्कामाला आहे. भरल्या वॉर्डाला दोन सिस्टर, त्यामुळे पेशंटजवळ घरचं माणूस लागतंच. शेजारच्या खाटेवर बनाबाई म्हणून माधवनगरची म्हातारी आहे, गिरणीत जन्म गेला, आता निम्मं अंग गेलंय, तिलाही नळी-पिशवी आहे. तिच्याकडे कुणी फिरकत नाही. मग काय, आईनं तिलाही दत्तक घेतलंय. 'आवं मावशी, घोटभर घ्या की,' म्हणत चमच्यानं पेज भरवते. पण आपली आई ती आपली आईच. वहिनीचा तांब्या वेगळा, बनाबाईंचा वेगळा, स्वतःचा वेगळा. रुमाल वेगळे, वाट्या वेगळ्या. चुकून मी बनाबाईंच्या तांब्यातलं पाणी वहिनीला ओतायला गेले तर माझ्या हातावर फटका बसला. एवढी शिकलीस आणि एवढं कळंना व्हय, म्हणाली. सिस्टर मला म्हणतात, मॅडम, असे नातेवाईक सगळ्यांना मिळायला पाहिजेत.

वहिनी विचारते, 'त्यांना कळवलं का?' तिला काय सांगू ते कळव.

श्रद्धा


सांगली, ३० जानेवारी

दादा,

पत्र मिळालं असा तुझा निरोप आईच्या फोनवर आला. म्हणजे फाडलं नाहीस. बरं झालं, कारण आज जे लिहायचंय ते आईला फोनवर सांगता येणार नाही.

वहिनीला ताप आहे. थंडी वाजून येतो, उतरतो, पुन्हा येतो. नळीच्या वाटेनं लघवीत जंतू शिरलेत. हे काही नवीन नाही, असं रोज होतं. लघवीची तपासणी माझ्याच लॅबमध्ये आली, मीच केली. ई. कोलाय निघाला. हा जंतू आपल्या सगळ्यांच्या आतड्यात गुण्यागोविंदानं राहतो, तुझ्याही राहतो. साध्या औषधानं जातो. एरवी मी दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं.

आम्ही काय करतो, एका ताटलीत जंतू पसरतो आणि त्यावर वेगवेगळ्या औषधांच्या टिकल्या ठेवतो. औषध चालणार असेल तर टिकलीभोवती जंतू मरतात आणि मोकळं वर्तुळ दिसतं. सकाळी मी वहिनीची ताटली उजेडात धरली तर एकाही टिकलीभोवती वर्तुळ नव्हतं. आमचं राखून ठेवलेलं औषध असतं, मेरोपेनेम, बाकी सगळं हरलं की काढायचं. त्याच्या टिकलीला तर जंतू अगदी चिकटून वाढले होते. मी ताटली पुन्हा लावली, नाव तपासलं, नंबर तपासला. नाव तिचंच होतं.

आता कोलिस्टिन चालू केलंय. हे जुनं औषध आहे, मूत्रपिंडाला मारक म्हणून कधीच बाजूला टाकलं होतं. आता फिरून त्याच्याच पाया पडायची वेळ आलीय.

आणखी एक गोष्ट आहे. बनाबाईंच्या लघवीतला जंतूही मागे असाच निघाला होता, कुठल्याच औषधाला दाद न देणारा. मी लगेच आमच्या मोठ्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, 'डॉक्टर, म्हातारीचा क्लेबसिएला, तुमच्या वहिनीचा ई. कोलाय. दोन वेगळ्या जातीचे जंतू. एकाचा दुसऱ्याशी संबंध कसा लावता?' रिपोर्ट पाहिला तर त्यांचं बरोबर आहे. मला मात्र पटत नाहीये. मी दोघींचे जंतू, आणि वॉर्डातल्या बेसिनच्या जाळीतला एक, असे तिन्ही पुण्याला जनुकांच्या तपासणीला पाठवलेत. तिथून उत्तर यायला वेळ लागतो.

सुट्टी मागता येत असेल तर आता माग. माझ्या तोंडाकडे बघू नकोस हवं तर, पण ये. मला भीती वाटतेय.

श्रद्धा


सांगली, ९ फेब्रुवारी

दादा,

तुला युनिटनं कळवलं असेल. तू खाली उतरत असशील आणि हे पत्र वर जाऊन पडेल, तरी लिहितेय. काहीतरी केल्याशिवाय बसवत नाही.

जंतू रक्तात गेले. औषधानं थोडे आटोक्यात येतायत असं वाटलं तोवर मूत्रपिंडं थांबली. काल दुपारी वहिनी गेली.

आई पायथ्याशी बसून तिचे तळपाय चोळत होती. मशीन बंद केलं तरी चोळतच होती. मी हात धरला तर म्हणाली, 'गार पडल्यात गं, जरा चोळू दी.' मग मी पण दुसरा पाय चोळत बसले. मी डॉक्टर आहे, मला माहीत होतं. तरी बसले.

परवा शुद्धीत होती तेव्हा मला जवळ बोलावून म्हणाली, 'वन्सं, त्यांस्नी म्हनावं, बर्फात कानाला बांधत जावा. सांगून ऐकत न्हाईत.' एवढाच निरोप आहे.

श्रद्धा


सांगली, ११ मार्च

दादा,

तू येऊन गेलास. तेराव्याला मांडवात मला म्हणालास, 'चहा घेतलास का?' तेवढ्या तीन शब्दांवर मी इतके दिवस काढलेत. तुला वाटेल ही नाटकं करते. नाही करत. म्हणून आज जे लिहायचं ते लिहायला हात चालत नाहीये, कारण हे वाचून तू पुन्हा गप्प होशील.

पुण्याचं उत्तर आलं. साहेबांचं म्हणणं खरं, जंतू दोन जातीचेच आहेत. पण दोघांच्या पोटात एकच वस्तू सापडली. तिला प्लास्मिड म्हणतात. जंतूचा स्वतःचा जो मुख्य डीएनए असतो त्याच्यापासून वेगळं, डीएनएचंच एक लहानसं कडं. औषध कसं तोडायचं याची विद्या या कड्यावर लिहिलेली असते. आणि एक जंतू दुसऱ्याला चिकटला की कड्याची नक्कल त्याला देऊन टाकतो. ना नातं बघतो, ना जात. आपल्या घरच्यांपेक्षा सुधारलेले म्हणायचे.

तुला समजेल असं सांगते. आई शेजारणीला विरजण देते, तेव्हा आपल्या भांड्यातलं दही काही संपत नाही. शेजारणीचं दूध गाईचं असो की म्हशीचं, त्या चमचाभर विरजणानं सकाळपर्यंत सगळ्याचं दही होतं. ती पुढच्या घरी देते. तसंच हे. बनाबाईंच्या क्लेबसिएलाकडे कडं होतं. वहिनीचा ई. कोलाय बिचारा साधा होता, तिच्याच आतड्यातला. त्याला ते मिळालं आणि रातोरात त्याच्यापुढे आमची औषधांची सगळी कपाटं रिकामी झाली. बेसिनच्या जाळीत तिसऱ्याच जातीचा जंतू होता. त्याच्याकडेही तेच कडं.

मग बनाबाईंच्या खाटेवरून ते वहिनीपर्यंत गेलं कसं, हा प्रश्न राहिला. काल आईला गावी फोन लावला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, बनाबाईंची लघवीची पिशवी कोण रिकामी करायचं?

'मीच की. तिचं कोन हाय दुसरं? नंदीची वतली की लगीच तिची वतायची.'

'कशात?'

'पिलॅस्टिकचा मग न्हवता का त्यो. वतायचा, बेसिनात खळबळून धुवायचा, की झालं.'

'दोघींना एकच? अगं, तांबे तीन ठेवलेस आणि मग एकच?'

आई हसली. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा हसली असेल. 'येडी हायस का गं? खायाप्यायाचं येगळं ठिवायचं. मुताचं भांडं त्ये. घाणीला काय लागायचंय?'

मी फोन ठेवला आणि लॅबमधल्या स्टुलावर बसले. पिशवीच्या नळाचं तोंड मगाच्या काठाला टेकतं. मग तोच हात, तोच काठ, दुसऱ्या पिशवीला. जे स्वच्छ ते जपायचं आणि जे घाणच आहे त्याला आणखी काय जपायचं, हेच आपण सगळे शिकलो. तू सुद्धा, मी सुद्धा. मी पुस्तकं वाचून विसरले एवढंच. आईला कुणी सांगितलंच नाही. सांगायचं काम आमचं होतं. खाटेगणिक मग द्यायचं काम हॉस्पिटलचं होतं आणि पिशवी रिकामी करायचं काम सिस्टरचं. हे सगळं मी साहेबांना लेखी दिलंय. आता प्रत्येक खाटेखाली नाव घातलेला मग आहे. फार छान दिसतात.

अजून थोडं आहे. आई इतके दिवस वॉर्डात राहिली म्हणून तिच्या शौचाचा नमुना मी मागवून घेतला होता, जंतांची तपासणी म्हणून. तिच्या आतड्यात ते कडं आलंय. तिला स्वतःला काही होणार नाही, धडधाकट माणसाला होत नाही. काही महिन्यांनी आपोआप जाईल किंवा राहील, सांगता येत नाही. पण तिच्या हातून दुसऱ्या कुणा नाजूक जिवाला जाऊ शकतं.

तिला सांगायला हवं, दादा. आणि ते सांगताना पहिलंही सांगावं लागेल. कसं सांगू ते तू सांग.

श्रद्धा


सांगली, २६ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. एवढ्या वर्षांतलं पहिलं, आणि तेही चार ओळींचं. 'आईला ह्यातलं एक अक्षर कळता कामा नये. ती जगायची नाही. तू सांगितलंस तर मला बहीण नाही.'

बहीण नाही हे तू मला आधीही एकदा सांगितलेलं आहेस. तेव्हा मी रागावले होते, या वेळी रडले. धवलनं पत्र वाचलं आणि खिशात ठेवलं, मी पुन्हापुन्हा वाचू नये म्हणून.

आणि खरं सांगू का, तुझं पत्र वाचून मला आधी सुटल्यासारखं वाटलं. चला, थोरल्यानं हुकूम दिला, आपली जबाबदारी संपली. मी गप्प बसणारच होते. आई घरात एकटी असते, तिच्या हातून कुणाला काय जायचंय, अशी मनाची समजूत घालून मी मोकळी झाले होते.

काल आईचा फोन आला. आपल्या वाडीतल्या ऋषिराजची बायको शिवांजली साताऱ्याला दिवस भरायच्या आत बाळंत झाली, तुला कळलं असेल. पोरगं एवढंएवढंसं, इतके दिवस काचेच्या पेटीत होतं. आता घरी आणतायत. आणि अंघोळ घालायला आईला बोलावलंय. वाडीतलं कुठलं बाळ तिच्या हाताखालून गेलं नाही? आईचा आवाज मला ओळखू येईना इतका बदलला होता. 'नंदी ग्येल्यापासनं कुनी कशाला बोलावलं न्हवतं गं. तोंड बघाय बी येत न्हवतं. आता बोलावलंय. त्याल काढून ठिवलंय मी, कोमट करून.'

तू आईला बाळ न्हाऊ घालताना पाहिलंयस. पायांवर घेते, तेल चोळते आणि सगळ्यात आधी त्याच्या तोंडात बोट घालून टाळू वर दाबते. दिवस न भरलेल्या पोराच्या तोंडात ते बोट. त्या पोराला उद्या ताप आला तर त्याचीही ताटली माझ्यासारखीच कुणीतरी उजेडात धरेल आणि तीवर एकही वर्तुळ नसेल.

मी काहीतरी बहाणा काढू शकते. आईच्या हाताला खरूज झालीय म्हणू शकते. पण बहाणा एका बाळाला पुरतो. पुढचं बाळ आलं की काय म्हणू? कुणाची म्हातारी अंथरुणाला खिळली आणि आई मग घेऊन उठली, की काय म्हणू? ती उठणारच. तिला दुसरं काही येतच नाही.

तू म्हणतोस ती जगायची नाही. मलाही तीच धास्ती आहे. वहिनीला आपण वाचवू शकलो नाही आणि आता आई, असं सारखं वाटतं. पण हे तुझं उत्तर येईतो थांबायचं नाहीये, बाळ आठवड्यात घरी येतंय. म्हणून मी तुला विचारत नाहीये. कळवतेय. मग मला बहीण म्हण की नको म्हण.

श्रद्धा


गावाहून, २ एप्रिल

दादा,

सांगितलं.

कोयनानगरची एसटी धरून सकाळीच गावात उतरले. आई परसात भांडी घासत होती. मी तिच्याशेजारी पाटावर बसले आणि विरजणापासून सुरुवात केली. तिला समजावायला मला फार वेळ लागेल असं वाटलं होतं. अर्धंही सांगून झालं नव्हतं आणि तिचा हात थांबला.

'म्हंजी बनाबाईचं त्ये नंदीला ग्येलं.'

'हो.'

'त्या मगातनं.'

'हो.'

मग मी सगळं सांगत सुटले. सिस्टर दोनच होत्या, खाटेगणिक वेगळे मग द्यायला हवे होते, तुला कुणी सांगितलं नाही, बेसिनही तसलंच, दोष तुझा नाही. तिनं मला बोलू दिलं. शेवटी म्हणाली, 'त्ये समदं खरं. पर हात माजंच न्हवं का?'

मी हो म्हणाले. खोटं बोलायला गेले होते असं नाही, पण तिथे तोंडातून दुसरं काही निघालंच नाही.

ती राखेनं भरलेले हात पुढे धरून त्यांच्याकडे बघत राहिली, जणू ते कुणी तिच्या मांडीवर आणून ठेवलेत. मला वाटलं आता कोसळेल. तुझं खरं ठरतंय असं वाटलं. मग तिनं विचारलं, 'बनाबाई कशी हाय?'

'बरी आहे. भाच्यानं घरी नेलं.'

'बरं झालं,' ती म्हणाली. मनापासून म्हणाली, दादा. मी आतल्या खोलीत जाऊन रडून आले.

परत आले तर आई लुगडं बदलून तयार. मला म्हणाली चल. शिवांजलीच्या घरी गेलो तर घंगाळ्यात पाणी काढलेलं, पाट मांडलेला. आई पायरीशीच थांबली आणि तिथून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, 'माज्या अंगात दवाखान्यातलं जंत हायती. औषिदाला जुमानत न्हाईत त्यातलं. पोराला मी हात लावनार न्हाई. पानी श्रद्धा घालंल, मी हितनं सांगते.' शिवांजलीनं बाळाला पदराखाली ओढून घेतलं, तेवढं आईनं पाहिलं.

मी आयुष्यात पहिल्यांदा बाळ न्हाऊ घातलं. आई पायरीवरून सांगत होती, मान धर, पाठीखाली हात घाल, पानी खांद्यावरनं सोड, कानात जाऊ द्यायचं न्हाई. टाळूचं आलं तशी म्हणाली, 'तोंडात बोट घालायचं न्हाई. त्ये आता कुनीच घालायचं न्हाई.' पोरगं रडलं, चांगलं खणखणीत. आई उठून घराकडे चालायला लागली. मी येईपर्यंत थांबली नाही.

तिनं स्वयंपाक सोडलाय. साबणानं हात नीट धुतले की भाकरी थापायला, वाढायला काही हरकत नाही, हे मी तिला चारदा समजावलं. तिनं चारही वेळा ऐकून घेतलं आणि परातीला हात लावला नाही. हात मात्र दिवसभर धुते. बोटांची कातडी फाटलीय, त्यावर मी काही लावायला गेले तर हात मागे घेतला. मी सुट्टी वाढवून घेतलीय. धवल रविवारी येतोय.

तुझ्या पत्रातलं मी तिला काही सांगितलं नव्हतं. तिनंच मघाशी तुझं नाव घेऊन विचारलं, पृथ्वीला ठावं हाय का? मी होय म्हणाले. मग म्हणाली, कागद घे, मी सांगते तसं लिव, तुझं शानपन मधी घालू नगंस. समोर बसलीय. खाली तिचं आहे.

पृथ्वी, नंदी माज्या हातानं ग्येली. मला ठावं न्हवतं. ठावं आसतं तर केलं नसतं, पर केलं मीच. त्ये तुला दुसऱ्याच्या तोंडनं कळाया नको, माज्या तोंडनं कळू दे. श्रद्धीवर राग धरू नगंस. तिनं सांगितलं नसतं तर मी त्या ल्हान जिवाला हात लावला आसता, मग मी कुटं तोंड दाखवलं आसतं? तू मला काय बी बोल. समद्या गावाम्होरं बोललास तरी बोल, मी ऐकून घीन. पर सुट्टी मिळाली की घरला ये. जेवाय श्रद्धी वाढंल. तिच्या भाकरी फाटत्यात, तरी गप खायाच्या. मी हितं उंबऱ्यापाशी बसून बघीन तुला जेवताना.